एआय डिटेक्टर शंभर टक्के अचूक असतो, हे खरं नाही

विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'प्रयोगाचा अहवाल एआय डिटेक्टरमध्ये टाका, मुलांनी एआयकडून लिहून घेतला असेल तर शंभर टक्के पकडला जातो.' हे चुकीचं आहे.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३मध्ये असा डिटेक्टर काढला होता. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत त्याने एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर एआयचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये तो बंदही केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निबंध त्या डिटेक्टरनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवले.

यातली बरीच साधनं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात; जितका अपेक्षित, तितका एआयचा संशय जास्त. आणि 'द्रावण ढवळले, तापमान नोंदवले' अशी ठरावीक वाक्यं तर आपणच शिकवतो! म्हणजे नियमाने लिहिणारं मूलच अडकण्याची भीती. मला हेच सगळ्यात जास्त टोचतं.

शंका आली तर मुलाची कच्ची नोंदवही बघा, जवळ बसवून विचारा: अनुमापनात तिसरं वाचन पहिल्या दोनपेक्षा ०.४ मिलिलिटरने जास्त का आलं? ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडायची मापनळी) स्वतः हाताळलेलं मूल रंग कधी बदलला, थेंब जास्त पडला का, हे सांगू शकतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि नुसत्या डिटेक्टरच्या आकड्यावरून कुणाचे गुण कापले असतील तर ते पुन्हा तपासा.