नऊ मीटर कुठून मोजायचे?

तालुका क्रीडा संकुलाचा नकाशा कुणीतरी मोबाइलवर धाडला आणि टपरीसमोरच्या कट्ट्यावर जुंपली. मंदार आर्किटेक्ट, शिऱ्या बॅडमिंटन शिकवतो, बापूसाहेबांची हयात ठेकेदारीत गेलेली आणि वंदनाताई जलतरण तलावाचा फिल्टर प्लांट सांभाळतात.

"रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची! देखणी दिसतेय की," बापूसाहेब खूश.

"दिसेल हो, पण आत खेळायचं कुणी?" शिऱ्या उसळला. "हॉल ३४.५ बाय २० मीटर. एक कोर्ट १३.४० लांब, ६.१० रुंद. चार कोर्टं शेजारी-शेजारी आडवी लावली की रुंदीचे २४.४ गेले, उरले १०.१. पाच फटींत वाटले की प्रत्येकी दोन मीटर. माप चोख आहे. पण मग खेळणाऱ्यांची तोंडं लांब भिंतींकडेच होणार, आणि त्यातली एक तुम्ही काचेची केलीत."

"उत्तरेची भिंत आहे रे, ऊन येतंय कुठे?" मंदार.

"उन्हाचं नाव कोण काढतंय? पांढऱ्या शटलमागे नुसतं उजळ आभाळ असलं तरी शटल हरवतं. तिथे गडद, एकरंगी भिंत लागते, हिरवी नाहीतर निळी. छतातले पारदर्शक पत्रेसुद्धा काढून टाक. स्मॅश मारायला मान वर केली की डोळे दिपतात."

"म्हणजे गोदाम बांधू?" मंदार म्हणाला. "ब्राझीलमधल्या साओ पावलोतलं सेस्क पोम्पेया हे खेळ-संस्कृती केंद्र बघ. आर्किटेक्ट लीना बो बार्दीनं जुना पिंपांचा कारखाना पाडला नाही, त्यातच वाचनालय, नाटकघर, बसायची जागा केली. खेळासाठी काँक्रीटचे दोन मनोरे उभारले. मधल्या जमिनीखालून ओढा जातो, तिथे बांधता येईना. म्हणून कपडे बदलायच्या खोल्या एका मनोऱ्यात, मैदानं दुसऱ्यात, आणि ये-जा हवेतल्या पुलांवरून. मैदानांच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. वेडीवाकडी भोकं आहेत, बिनकाचेची, आतून लाकडी जाळी. वारा, आवाज, शहर, सगळं आत."

हे वर्णन ऐकायला सगळ्यांनाच आवडलं. शिऱ्या मात्र हटला नाही. "तिथे चेंडूचे खेळ. व्हॉलीबॉल २६० ते २८० ग्रॅमचा असतो, शटल जेमतेम पाच ग्रॅमचं. त्या भोकांतल्या वाऱ्यानं माझा ड्रॉप, नेटजवळ हळूच टाकलेलं शटल, शेजारच्या कोर्टात पडेल."

"आणि मे महिन्यात पत्र्याखाली पोरं भाजून काढायची?" वंदनाताईंनी विचारलं.

"पत्र्याखाली इन्सुलेशन घाला, आढ्याला टर्बो व्हेंटिलेटर लावा, वाऱ्यानं फिरून गरम हवा बाहेर काढतात ते," शिऱ्या म्हणाला. "खालून हवा घ्यायची तर जाळी मोठी, तिच्यामागे आडोसा. भोक लहान ठेवलं की वारा जोरात घुसतो. तेवढीच हवा मोठ्या जाळीतून आली तर कळतही नाही."

बापूसाहेबांनी चहा संपवून उंचीवर बोट ठेवलं. "नऊ मीटर दिलीय. आता तरी तक्रार नाही ना?"

"नऊ कुठे? आढ्याला! उतार दहाला एक. दहा मीटरवर वळचण आली, तिथे राहिले आठ. त्यातून राफ्टरचे, म्हणजे छताच्या तिरप्या तुळईचे, साठ सेंटिमीटर वजा, खाली दिवे लोंबणार. हातात सव्वासात. आणि कोर्टं आडवी असल्यामुळे प्रत्येक बेसलाइन नेमकी वळचणीकडे. उंच टोलवलेलं शटल तिथेच आपटणार. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना बारा मीटर लागतात, ते सोडा. पण नऊ म्हणजे सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपासून नऊ."

"दिव्यांचं मात्र खरंय," मंदार नमला, पण तेवढ्यापुरताच. "राफ्टर सहा-सहा मीटरवर टाकलेत, दिवे कोर्टाच्या डोक्यावर येतात. कोर्टाची रुंदी अधिक फट म्हणजे ८.१. राफ्टर ८.१ वर घेतले की बरोबर फटींवर येतील, दिवे त्यांनाच टांगायचे."

"पर्लिन, राफ्टरवरच्या पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, जड होतील," बापूसाहेब पुटपुटले.

"होऊ देत. पण तलाव त्याच शेडमध्ये कुणी घुसवला?" वंदनाताईंचा आवाज चढला. "क्लोरीन आणि घाम मिळून जी वाफ होते ती पत्रा, स्क्रू, टांगण्या सगळं खाते. स्टेनलेस स्टील म्हणून निर्धास्त राहू नका. स्वित्झर्लंडमध्ये ऊस्टरला ९ मे १९८५ रोजी तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळलं, बारा माणसं गेली. छत स्टेनलेस स्टीलच्या सळयांना टांगलेलं होतं. क्लोराइडनं सळयांना बारीक तडे गेले, खालून कुणाला दिसले नाहीत. इमारत तेरा वर्षांची होती फक्त. शिवाय ही दमट हवा शेजारच्या लाकडी फ्लोअरला लागली की फळ्या फुगून उचलणार. आपल्याकडे तलाव उघडा ठेवा, वेगळा ठेवा."

"पंप, पाइप, खोल्या दोनदा होतील, ताई."

"पंप तसाही तलावालाच लागतो, हॉलला कशाला? २५ बाय १५ चा तलाव, सरासरी दीड मीटर खोल. साडेपाच लाख लिटरच्या वर पाणी. चार तासांत एकदा फिरवायचं तर ताशी एक लाख चाळीस हजार लिटर. नकाशात प्लांटला दिलेली खोली बघा, एक फिल्टर ठेवला तर दार उघडणार नाही. वाळू बदलायला माणूस शिरणार कुठून? आणि लांबी काय लिहिलीय?"

"पंचवीस मीटर."

"काँक्रीटपासून काँक्रीट! दोन्ही टोकांना प्लास्टर, चिकटा, टाइल मिळून साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर जातील. एका टोकाला टच पॅड, हात लागताच वेळ नोंदवणारी पाटी, ती एक सेंटिमीटर जाड. पोरं पोहणार २४.९२ मीटर. जास्त झाली तर थोडी सूट असते, कमीला एक मिलिमीटरची नाही. त्या तलावातली वेळ कुठेच धरणार नाहीत. काँक्रीट २५.१० ला ओता, उरलेलं प्लास्टरमध्ये जुळवा."

बापूसाहेबांनी २५.१० टपरीवाल्याच्या कागदावर लिहून घेतलं. "बरं, काचेचं काय ठरलं?"

"तिकीटखिडकी आणि चेंजिंग रूम मागे आहेत, त्या रस्त्याकडे आणतो," मंदार म्हणाला. "पुढे चार मीटर उंच काचेची लॉबी, तिच्यामागे हॉलची बंद भिंत. क्षेत्रफळ वाढत नाही."

"आणि लॉबीच्या वरचे पाच-सहा मीटर?"

"पत्रा."

"मग रस्त्यावरून दिसणार काय, पत्राच ना?" बापूसाहेबांनी नकाशा पुन्हा मोठा केला.