लेझरनं नळी उघडते म्हणे, आणि नवऱ्याची तपासणी नको!

'जपानचा लेझर. बंद गर्भनळी उघडते, गर्भ राहतो. एफडीए मान्य, दुष्परिणाम नाही, नवऱ्याच्या तपासणीची गरज नाही. मंगल कार्यालयात शिबिर.' आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. माझ्या मावसबहिणीला तो खुद्द सासूनं पाठवला, आणि कापसाचा पहिला चुकारा त्यातच घालायचं घरात ठरूनही गेलं.

आधी नवऱ्याचं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचा दोष, एकट्याचा किंवा बायकोच्या जोडीनं, निघतो. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, याईची तपासनी कराचीच नाही म्हन्ते, म्हणून तं सासरे तयार झाले." मेसेज लिहिणाऱ्यानं गिऱ्हाईक बरोबर हेरलं आहे. तपासणी ती काय? २ ते ७ दिवस संबंध टाळायचा, डबीत नमुना द्यायचा, तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. सुई नाही, भूल नाही. तेवढ्यानं घराण्याची इज्जत जाते, आणि सुनेच्या पोटावर परक्यानं यंत्र फिरवलं तर ती शाबूत राहते! शुक्राणूच नसतील तर हा लेझर उजेड दाखवणार कोणाला?

आता नळी, म्हणजे बीजांड गर्भाशयाकडे नेणारी गर्भनळी. आपल्याकडे ती बंद होण्यामागे जननमार्गाचा टीबी हे मोठं कारण आहे. त्याला किमान सहा महिन्यांच्या गोळ्या लागतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्यांनी जंतू मरतात. खराब झालेली नळी बहुतेकदा तशीच राहते. आणि हा लेझर कमी तीव्रतेचा, तो ना कापतो ना जाळतो, आणि त्याचा बराचसा उजेड कातडीखाली काही मिलिमीटरमध्येच विरतो.

जपानचं अगदीच खोटं नाही, तेवढं मान्य करावं लागेल. तिथले डॉक्टर तोशिओ ओशिरो यांनी असा लेझर वंध्यत्वासाठी वापरला, २०१२ मध्ये त्यावर लिहिलंही. काहींना दिवस गेले. पण लेझर न दिलेल्या बायकांचा गट तुलनेला नव्हता, मग श्रेय कोणाला द्यायचं? शिवाय त्यांचा भर मानेवर. इथं बेंबीखाली चालू आहे.

एफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणाल, तर तिथं अशा यंत्रांना केसगळती, दुखणं यांसाठी परवानगी आहे. वंध्यत्वासाठी नाही.

आणि जाहिरातच मुळात बेकायदा. औषधं व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्या यादीत स्त्रियांचं वंध्यत्व स्पष्ट आहे. 'आमचं औषध नाही, यंत्र आहे' ही पळवाटही चालत नाही. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठीची वस्तू तिथं औषधातच धरली आहे.

बहिणीला सांगितलंय: आधी जावयाचा रिपोर्ट, मग तुझी नळीची एक्स-रे तपासणी. पस्तिशी ओलांडली आहे, वर्षभर वाट पाहत बसू नको.