हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांत हत्तीरोग मोहिमेचे दिवस आले की तोच मेसेज पुन्हा फिरतो: गोळ्या खाऊ नका. धडधाकट माणसाला औषध कशाला? खाल्ल्यावर उलट्या होतात. आपल्यावर प्रयोग चाललाय. पाय सुजलाच तर तेव्हा बघू. यातलं एकही म्हणणं टिकत नाही.

धडधाकट माणसाला औषध कशाला? कारण या रोगात धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्याच अंगात जंत असू शकतात. दोऱ्यासारखे बारीक जंत लसीकावाहिन्यांत (अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) वर्षानुवर्षं जगतात आणि त्यांची असंख्य पिल्लं रक्तात सोडतात. माणसाला काहीच जाणवत नाही. ही पिल्लं रात्रीच कातडीजवळच्या रक्तात येतात, म्हणून तर आरोग्य कर्मचारी रात्री साडेआठनंतर बोट टोचून रक्त घ्यायला दारात येतात. गटाराच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो आणि एकाच्या अंगातली पिल्लं घेऊन दुसऱ्याला देतो. गोळ्या ही पिल्लं मारतात, म्हणून घरातला एक जण गोळी चुकवतो, तेव्हा तो शेजारच्या लेकराचाही निर्णय घेत असतो.

उलट्यांचं म्हणाल, तर रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं. जेवून घेतल्यावरही कुणाला ताप, डोकेदुखी, खाज येते, ती बहुधा रक्तातली पिल्लं मरताना शरीर देत असलेली प्रतिक्रिया असते. एक-दोन दिवसांत ती ओसरते. जास्त त्रास झाला तर लगेच आरोग्य केंद्रात जावं. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं यांना गोळ्या देतच नाहीत. बाकीच्यांनी पोटभर जेवून आशाताईंसमोरच घ्याव्यात.

प्रयोग? या गोळ्यांमधलं डीईसी हे औषध 1947 पासून वापरात आहे. काही ठिकाणी सोबत देतात ते आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध शोधणाऱ्यांना 2015 चं नोबेल मिळालं. श्रीलंकेनं 2002 ते 2006 सलग गोळ्या वाटल्या आणि 2016 मध्ये हत्तीरोग ही तिथली सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं.

"पाय सुजला तर बघू" हे वाचून मात्र जीव कळवळतो. तोवर लसीकावाहिन्या निकामी झालेल्या असतात. पाणी साचतं, कातडी जाड होते, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, त्यातून जंतू शिरून थंडीताप भरतो आणि प्रत्येक वेळी सूज थोडी वाढूनच राहते. गोळीनं तो पाय पूर्वीसारखा होत नाही. रोज साबण-पाण्यानं हळुवार धुणं, बेचक्या कोरड्या टिपून घेणं, बसताना-झोपताना पाय उंचावर ठेवणं, एवढं केलं तरी ही दुखणी कमी होतात. याच रोगानं पुरुषांना होणाऱ्या अंडवृद्धीवर (अंडकोशात पाणी साचून येणाऱ्या सुजेवर) शस्त्रक्रिया होऊ शकते. लाजेपोटी ती वर्षानुवर्षं लपवू नका.