आवाज नेमका कुठून येतो?

जुनी गाडी विकणारा माणूस गाडीबद्दल कमी आणि तिच्या आधीच्या मालकाबद्दल जास्त बोलतो. ‘डॉक्टरांची गाडी आहे साहेब. घर ते दवाखाना, बस.’ पुण्यात अशा विकल्या गेलेल्या गाड्या मोजल्या तर दर घरटी दोन डॉक्टर निघायला हवेत, आणि तरी आपल्याला अपॉइंटमेंट मिळते ती पुढच्या गुरुवारची. डॉक्टर नसले तर मालकीणबाई शाळेत शिक्षिका असतात आणि त्यांनी गाडी कधी साठच्या वर नेलेलीच नसते. ‘याचा मालक रोज उशिरा उठायचा आणि खड्डा आला की दात-ओठ खाऊन ॲक्सिलरेटर दाबायचा,’ असं एकाही एजंटाने मला आजवर सांगितलेलं नाही. मग त्या माणसांच्या गाड्या जातात कुठे? कोण घेतं त्या?

मी घेतो.

ट्रायलच्या वेळी एजंटाने काचा वर केल्या, एसी चारवर ठेवला आणि गाणी लावली. ‘सिस्टिम बघा साहेब, ओरिजिनल आहे.’ सिस्टिम खरोखरच उत्तम आहे. ती चालू असताना गाडीतलं दुसरं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. व्यवहार झाल्यावर गाणी बंद करून कर्वेनगरच्या गल्लीत शिरलो आणि पुढून, डावीकडून, कुठून तरी ‘खट्ट’ झालं.

आमच्याकडच्या रस्त्यांवर डांबराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात, ड्रेनेजची झाकणं मात्र मूळ पातळी सोडत नाहीत. त्यामुळे दर पन्नास पावलांवर एक चौकोनी खड्डा आणि त्याच्या तळाशी एक झाकण, अशी रचना तयार होते. डावं चाक त्यात उतरलं की खट्ट. बाहेर आलं की पुन्हा एकदा, जरा हलक्या आवाजात, खट्. गंमत म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी मुकाट चढायची आणि मुकाट उतरायची.

हा स्पीडब्रेकर साधासुधा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलेला आहे, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा. आमचा ब्रेकर उरलेल्या डांबरातून आणि उरलेल्या रागातून तयार झालाय. रुंदी हातभर, आणि उंची इतकी की दुचाकीवर मागे बसलेला माणूस तिथे आधीच उतरून घेतो. एवढा डोंगर गाडी गप्प पार करते आणि बोटभर खोल झाकणावर ओरडते, याचा मला काही केल्या मेळ लागेना.

गाडीला आवाज आला की गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मत येतं. ही म्हणाली, ‘अहो, मागून येतोय. माझ्या सीटखालून.’ मागून येतोय तर तुझ्या सीटखालून कसा, तू पुढे बसलीयस, हे मी विचारलं नाही. संसार जुना आहे. मेहुण्याने एकच खट्ट ऐकून निकाल दिला, ‘दाजी, शॉकअप गेले. चारही टाका.’ त्याने बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. गाडी वर आली आणि थांबली. शॉकअप गेलेले असते तर ती आणखी दोन-तीनदा डुलली असती. एकदाच वर येऊन स्थिर होते म्हणजे त्यांच्यात जीव आहे. हे त्यालाही माहीत होतं, पण निकाल आधीच जाहीर झालेला असल्यामुळे तो म्हणाला, ‘दिसत नाही वरून. आतून गेलेत.’

तळमजल्यावरच्या काकांचं निदान तर आवाज ऐकायच्या आधीच तयार होतं: ‘इंजिन माउंटिंग.’ काकांनी निवृत्त होईपर्यंत एकच गाडी वापरली आणि तिचं एकदा इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनखालचा रबरी आधार, गेलं होतं. तेव्हापासून सोसायटीत कुणाचंही काहीही वाजलं की काका इंजिन माउंटिंग म्हणतात. लिफ्ट वाजायला लागली तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं होतं, आणि लिफ्टवाला क्षणभर विचारात पडला होता.

आवाजाला जोड म्हणून स्टिअरिंगचं दुखणंही होतं. रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि स्टिअरिंगवरचा लोगो तिरका. सरळ करावा तर गाडी फुटपाथकडे निघायची. वर पुढच्या टायरवर तळवा फिरवला की बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना बोचरं लागायचं. टायरवाल्याने तोच हात फिरवला आणि म्हणाला, ‘टायर खातेय गाडी. टो-इन आहे, चाकांची पुढची टोकं आत वळलीत.’ चाकांना कॅमेऱ्याच्या पाट्या लावल्या, स्क्रीनवर लाल आकडे उमटले, खाली उतरून पान्याने काही तरी पिळलं, आकडे हिरवे झाले. मी पैसे दिले. लोगो सरळ झाला आणि काही दिवसांत पुन्हा मान वाकडी करून माझ्याकडे बघू लागला. स्टिअरिंगच्या जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असताना अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण हे सांगणं टायरवाल्याचं काम नाही. त्याचं काम आकडे हिरवे करण्याचं, आणि ते त्याने चोख केलं होतं.

मग मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे कॉफी मिळते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुणाने विचारलं, ‘सर, कन्सर्न काय आहे?’ मी खट्ट करून दाखवलं. त्याने टॅबवर ‘नॉइज फ्रॉम फ्रंट’ लिहिलं. खट्टमधली सगळी जान त्या तीन शब्दांत गेली. ट्रायलला गेलो तर वर्कशॉपसमोर नवा, गुळगुळीत सिमेंटचा रस्ता, मधे रीतसर एक स्पीडब्रेकर. गाडी त्यावरून पाहुण्यांसमोर बसलेल्या शहाण्या मुलासारखी गेली. ‘सर, नॉइज तर येत नाहीये.’ तरीही तासाभराने एस्टिमेट आलं: दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकअप, दोन्ही माउंटिंग, स्टिअरिंग रॅक. जो आवाज त्यांना आलाच नव्हता, तो बंद करायला अडतीस हजार. सगळंच बदललं की त्यात बिघडलेलं असणारच, हे तर्काला धरून आहे. पण मग निदान तरी कशाला म्हणायचं त्याला?

शेवटी वारज्याचे मामा. पत्र्याची शेड, समोर गंजलेले एक्सल, आत रेडिओ. मामांनी आधी डिकी रिकामी करायला लावली. दोन छत्र्या, पूजेचा नारळ, मुलीचे स्केट्स, मागच्या दिवाळीचा न दिलेला मिठाईचा डबा. स्टेपनीचा नट आवळला, जॅक काढून बाजूला ठेवला. ‘निम्म्या गाड्या इथंच बऱ्या होतात,’ म्हणाले. माझी झाली नाही. मग मामा चालवायला बसले, काचा खाली, रेडिओ बंद. मी माहिती द्यायला सुरुवात केली तर म्हणाले, ‘तुम्ही बोलू नका साहेब, तिला बोलू द्या.’

आधी फक्त डावं चाक झाकणात घातलं. खट्ट. मग फक्त उजवं. बारीक खट्. मग ब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम. काही नाही. स्टिअरिंग पूर्ण कापून जागेवर गोल फिरवली. कटकट नाही म्हणजे एक्सलचे जॉइंट बरे. पळवत नेऊन डावी-उजवीकडे झुकवली. घुंई वाढत नाही म्हणजे बेअरिंग बरं. ब्रेक दाबला, धप्प नाही म्हणजे लोअर आर्मचे बुश बरे. अशी एकेक शंका रस्त्यातच उतरवत मामा परत आले आणि म्हणाले, ‘लिंक रॉड.’

मग त्यांनी मला समजावलं, तेही बोटांनी. गाडी वळणावर कलंडू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एक वाकवलेला बार असतो. त्याची टोकं ज्या वीतभर दांड्यांनी शॉकअपला जोडलेली असतात, त्या लिंक रॉड. दोन्ही चाकं एकदम उचलली तर बार नुसता फिरतो, लिंकवर जोर येत नाही. एकच चाक पडलं की बार पिळला जातो आणि झिजलेला जॉइंट आतल्या आत आपटतो. म्हणजे आमच्या गल्लीतला डोंगर गप्प का आणि झाकण बोलकं का, याचं उत्तर मिळालं. वर्कशॉपच्या सिमेंटच्या रस्त्यावर गाडी लाजली नव्हती. तिथे झाकणच नव्हतं.

मी म्हटलं, घ्या जॅकवर. मामा हसले. एक बाजू जॅकवर घेतली की बार पिळून लिंकला ताणून धरतो आणि ढिला जॉइंटही घट्ट लागतो. बघायचं तर चारही चाकं जमिनीवर ठेवून. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, चाकामागून हात घातला आणि मग माझा हात ओढून तिथे ठेवला. ग्रीसने माखलेला, जॉइंट झाकणारा रबरी बूट, फाटलेला. पोऱ्याने छतावर हात ठेवून गाडी हलवली आणि माझ्या बोटाखाली ते झालं. ऐकू जेमतेम आलं, पण बोटाला नीट कळलं: खट्, खट्. ज्याच्यावरून घरात वाद झाले ते इतकं लहान होतं.

नंतर मात्र जॅक लागला. मामांनी चाक वर-खाली धरून हलवलं: हललं नाही. डावी-उजवीकडे धरून हलवलं: उजव्या चाकाला टकटक. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांडीच्या टोकाचा जॉइंट. लोगोची मान वाकडी होण्याचं कारण ते. मी विजयी मुद्रेने बघू लागलो, जणू ते मीच शोधलं होतं.

सामान आणायला मला नाना पेठेत पाठवलं. काउंटरवरच्या माणसाने गाडीचं मॉडेल, साल विचारलं आणि मान वर न करता म्हणाला, ‘ओरिजिनल, कंपनी की चालू?’ चालू म्हणजे काय विचारलं. ‘चालते,’ म्हणाला. मी ओरिजिनल घेतली.

जुनी लिंक निघता निघेना. नट फिरवला की आतला बोल्टही सोबत फिरतो. तो धरायला टोकाला षटकोनी खाच असते, ती गंजाने भरलेली. शेवटी ग्रायंडर लावला, ठिणग्या उडाल्या. टाय रॉड एंड काढताना मामा तोंडातल्या तोंडात आटे मोजत होते. जितके काढले तितकेच नवीन चढवायचे, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ जाते. मी मधेच ‘चहा सांगू का?’ विचारलं तर त्यांनी असं पाहिलं, की मी चहा नुसता जाऊन घेऊन आलो. अलाइनमेंट त्यानंतर करून घेतली. या क्रमाने केली की ती टिकते.

परतताना झाकणं गप्प, लोगो सरळ. तरी मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडले की गाडी किंचित डावीकडे सरकायची. मी लगेच मामांना फोन लावला. ‘साहेब, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. पाणी जायला.’ आमच्या रस्त्यावरचं पाणी पावसाळाभर कुठेही जात नाही. त्या उताराचा फायदा घेऊन जाते ती फक्त गाडी.

पार्किंगमध्ये काका उभेच होते. मामांनी जुनी लिंक रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती, ती मी त्यांच्या हातात ठेवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, दांडी कानाजवळ नेली, टोक धरून हलवलं. खट्ट. पुन्हा हलवलं. खट्ट. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

‘मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो,’ काका म्हणाले. ‘हेच ते. इंजिन माउंटिंग.’