भर मे महिन्यात फुलबाह्या

पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी सोसायटीत खेळायला फुलबाह्यांचा टॉप घालून उतरते. घरच्यांना वाटतं, पोर शहाणी झाली, उन्हाला जपते. मग टिळक टँकवरच्या पोहण्याच्या सुट्टीतल्या बॅचचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायला लागतं. गॅदरिंगच्या नाचाला बिनबाह्यांचा ड्रेस आहे म्हटल्यावर नाचच नकोसा होतो. शाळेचे मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. एवढं सगळं एकदम दिसलं की हातापायांवरच्या केसांवरून कुणीतरी काहीतरी बोललंय, असं धरून चालायला हरकत नाही. अस्वल, माकड, मिशीवाली ही त्यातली सौम्य नावं.

यावर आपल्याकडे दोन तऱ्हेची घरं असतात. एका घरात दुसऱ्या दिवसापासून डाळीचं पीठ, साय, हळद सुरू होतं. दुसऱ्या घरात भाषण सुरू होतं: केस नैसर्गिक असतात, सौंदर्य मनाचं असतं, लोकांकडे लक्ष द्यायचं नसतं. भाषणातला शब्दन् शब्द खरा असतो, पण तो आठ वर्षांच्या पोरीला डब्याच्या सुट्टीत कामी येत नाही. शिवाय भाषण देणारी आई स्वतः दर महिन्याला वॅक्सिंगला जाते, हे पोरीला दिसत असतं.

माझं मत सरळ आहे. मुलीने स्वतः मागितलं, एकदा नव्हे, चार-सहा आठवड्यांत पुन्हा पुन्हा मागितलं, तर केस कमी करून द्यावेत. सगळ्यात साध्या साधनाने आणि घरभर चर्चा न करता. पण मोठ्यांनी आपणहून सुचवायचं नाही. आज्जीने नाही, आत्याने नाही, पार्लरवाल्या ताईंनी तर अजिबात नाही. हा मुलीचाच विषय नाही, मुलांचाही आहे. दहा वर्षांचा मुलगा पाठीवरच्या केसांमुळे टँकवर टी-शर्ट काढत नाही, तेव्हा 'मर्द झाला रे' म्हणून हसण्याने त्याचं काहीच हलकं होत नाही.

आधी बोलणं. समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून विचारलं तर पोर 'काही नाही' म्हणतं. स्कूटरवर मागे बसलेलं असताना, रात्री दिवा घालवल्यावर, मटार सोलताना विचारा. कोण म्हणालं, कुठे, नेमका शब्द काय, एवढंच. लगेच 'अगं किती छान दिसतेस तू' म्हणू नका. तिला ते 'हा विषय बंद' असं ऐकू येतं. आणि 'मोठी झालीस की जातील' हे तर म्हणूच नका, कारण ते खोटं आहे. वयात येताना ही लव कमी होत नाही, काही ठिकाणी उलट जाड आणि काळी होते. चार वर्षांनी ती तुमचं वाक्य तुम्हालाच ऐकवेल.

मग केस म्हणजे काय ते दाखवा. खिडकीपाशी उजेडात तिचा हात आणि आपला हात शेजारी धरा. तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर जवळपास सगळीकडे लव आहे, हे तिला स्वतःला शोधू द्या. डोळे मिटायला सांगा आणि पेन्सिलीच्या टोकाने तिच्या हातावरचा एकच केस हलवा, कातडीला न लावता. तिला कळतं. प्रत्येक केसाच्या मुळाशी नसांचं वेटोळं असतं, म्हणून डास टेकायच्या आधी चाहूल लागते. २०११ साली इंग्लंडातल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांचा एक हात भादरून आणि दुसरा तसाच ठेवून दोन्हींवर भुकेले ढेकूण सोडले होते. केस असलेल्या हातावरचा ढेकूण लोकांना जास्त कळला आणि ढेकणालाही चावायची जागा शोधायला जास्त वेळ लागला. मुलांना हे फार आवडतं, ढेकूण असल्यामुळे.

चिडवणाऱ्याला द्यायचं उत्तर छोटं हवं. 'हो, आहेत केस. तुलापण आहेत.' एवढंच, आणि तिथून निघायचं. हे घरी पाच-सहा वेळा खेळून घ्या. तुम्ही चिडवणारे व्हा, तिला उत्तर देऊ द्या, मग उलट करा. पहिल्यांदा आवाज कापतो, चौथ्यांदा ती हसते. तरी रोज चालूच राहिलं तर वर्गशिक्षिकेला भेटा, तारीख आणि शब्द सांगा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे टाकलं की उद्या सगळ्या वर्गाला विषय मिळतो.

आता डॉक्टरांचं. बहुतेक मुलांच्या बाबतीत ही नुसती आनुवंशिकता असते, आत्यावर नाहीतर आजोबांवर गेलेली. हातापायांवर, पाठीवर, कपाळाच्या कडेला सगळीकडे सारखी मऊ लव आणि बाकी वाढ नेहमीसारखी, तर तपासण्या करत बसू नका. पण मुलीला आठच्या आत किंवा मुलाला नऊच्या आत काखेत वा जांघेत केस आले, घामाला मोठ्या माणसासारखा वास यायला लागला, मुरमं आली, वर्षभरात उंची अचानक वाढली, मुलीची छाती वाढायला लागली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. हनुवटीवर, छातीवर जाड काळे केस आणि सोबत आवाज घोगरा होत असेल तर त्याच आठवड्यात जा. डॉक्टर उंचीची जुनी मापं मागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे पाच ते अठरा वयाचे २०१५ चे तक्ते आहेत, ते तयार करण्यात पुण्यातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. शाळेच्या हेल्थ कार्डावरची मापं म्हणून जपून ठेवा. साधारणपणे डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात आणि सकाळी लवकर रक्त घेऊन हार्मोन्स तपासतात.

तीन गोष्टी हमखास निसटतात. माकडहाडाच्या वर, पाठीच्या बरोबर मध्ये केसांचा वेगळा झुपका असेल तर तो नुसता केसांचा प्रश्न नसतो, मणक्याची तपासणी करून घ्यावी लागते. दुसरं, औषधं. फिटवर देतात ते फेनिटॉइन आणि जास्त दिवस चाललेली स्टेरॉइड्स यांनी अंगावर लव वाढू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. तिसरं बाबांचं. टकलावर मिनॉक्सिडिल लावत असतील तर ते उशीला, हाताला लागतं आणि कडेवरच्या, कुशीत झोपणाऱ्या लहान मुलाच्या अंगावर केस येतात. लावून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, उशी वेगळी ठेवायची. संपर्क थांबला की काही महिन्यांत ते केस गळून जातात.

डाळीच्या पिठाबद्दल बोललं की घराघरांत वाद होतात, तरी बोलतो. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव काही आठवड्यांत आपोआप गळते. कणकेचा गोळा फिरवला त्याच दिवसांत ती गळते, म्हणून श्रेय गोळ्याला मिळतं. मोठ्या मुलीच्या हातावर पीठ चोळून काही केस तुटतात, मूळ तिथेच राहतं. रोज घासत राहिलं तर आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर घासल्याजागी काळपट डाग पडतात. म्हणजे केसही राहिले आणि वर डाग आले.

ब्लीच लहान मुलांना नको. त्यातलं पेरॉक्साइड आणि अमोनिया कातडी भाजू शकतं, आणि सावळ्या हातावर सोनेरी लव काळ्यापेक्षा जास्त चमकते. केस काढायच्या क्रीममध्ये केसातलं प्रथिन विरघळवणारं थायोग्लायकोलेट असतं, चांगलंच अल्कलीयुक्त. केस आणि कातडी एकाच प्रकारच्या प्रथिनाची, त्यामुळे क्रीम जरा जास्त वेळ राहिली की कातडीही सोलवटते. गरम वॅक्सने भाजतं आणि बारीक लव मुळातून न निघता मध्येच तुटते, मग केस कातडीखाली वळून पुटकुळ्या येतात. लेसर वयात येण्याआधी म्हणजे पैसे पाण्यात. बारीक, फिकट लवेत किरण पकडायला पुरेसा रंग नसतो, आणि पुढे हार्मोन्स नवे केस आणतातच.

उरतो ट्रिमर. बॅटरीवर चालणारा, दोन-तीन मिलिमीटरची कंगवा-पट्टी असलेला. बाबांच्या दाढीचा नको, त्यातून पुरळ आणि गजकर्ण दोन्ही येऊ शकतं. कातडी कोरडी हवी. तेल किंवा लोशन लावलेलं असेल तर केस चिकटून बसतात आणि पातं ओढतं. आंघोळीनंतर पुसून दहा मिनिटं थांबा. पहिल्या दिवशी पोटरीवर पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागाच करा आणि दोन दिवस बघा, लाल झालं, खाजलं तर तिथेच थांबा. मग कंगवा-पट्टी लावूनच, केस झुकलेत त्या दिशेने, न दाबता. दोन्ही हातांना दहा-बारा मिनिटं पुरतात. कोपरावर आणि गुडघ्यावर कातडी सैल असते, तिथे सांधा वाकवून ताणून घ्यायची, नाहीतर चिमटा बसतो आणि ती पुन्हा हात देत नाही. नंतर ब्रशने केस झाडून पातं स्पिरिटने पुसा, हातांना साधं मॉइश्चरायझर लावा. पोहायचं असेल तर आदल्या संध्याकाळी करा, त्याच सकाळी नको, क्लोरीन चुरचुरतं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. पट्टीशिवाय भुवया-ओठांवर फिरवू नका. ओठांवरच्या लवेला चेहऱ्याचा पेनाएवढा छोटा ट्रिमर मिळतो, तो. थ्रेडिंग दुखतं, अकराच्या आत मी नको म्हणेन. रेझरही तोपर्यंत नको.

'ट्रिम केलं की जास्त येतात' हे पार्लरपासून पारापर्यंत सगळे सांगतील. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाढी करून करून मोजून बघितलं होतं, केस ना जाड झाले ना जोराने वाढले. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं. हे मुलीला आधीच सांगून ठेवा: आठवड्याने थोडं टोचेल, महिन्याने पूर्वीसारखं होईल, काही बिघडलेलं नसेल.

आणि पुढच्या महिन्यात ती मागायला आलीच नाही, ट्रिमर ड्रॉवरमध्ये तसाच पडून राहिला, तर आठवण करून देऊ नका.