किमान विक्रीदर बांधून नाशिकचा छोटा दुकानदार वाचणार नाही

गेले काही दिवस नाशिकच्या टीव्ही-मोबाइल विक्रेत्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला, त्यातले दोघं माझे जुने मित्र. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टीव्ही, फ्रिज, एसी, मोबाइल बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या मालाचा किमान विक्रीदर ठरवून द्यावा आणि त्याखाली जो विकेल त्याचा माल बंद करावा. मग ऑनलाइनवाल्यांना भाव पाडता येणार नाहीत आणि छोटी दुकानं वाचतील. एमआरपी असते तसाच हा दर, त्यात बेकायदा काही नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तर याला मान्यताच दिली आहे. शेतकऱ्याला हमीभाव मागतो, मग दुकानदाराला का नको? आणि ग्राहकालाही यातून चांगली सेवा मिळेल. मेसेजखाली निवेदन जोडलंय, सह्या मागितल्या आहेत.

सिडकोत माझं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. ऑनलाइनचा फटका मी रोज खातो, त्यामुळे ज्याने हे लिहिलं त्याची तळमळ मला कळते. पण हे निवेदन मंजूर झालं तर पहिला मार आपल्यालाच बसेल. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

“किमान दर बांधला की ऑनलाइनवाले खाली जाऊ शकणार नाहीत”

किमान दर ही आपल्या धंद्यात काही नवी गोष्ट नाही. त्याला आपण एमओपी म्हणतो. कागदावर तो ‘सुचवलेला’ दर असतो, पण ‘अमक्याने एमओपी तोडला’ अशी तक्रार झाली की काय होतं ते एम. जी. रोडपासून नाशिकरोडपर्यंत प्रत्येकाला माहीत आहे. माझ्याच दुकानात घडलेलं सांगतो.

मार्च महिना होता. दिंडोरीकडचे एक बागाईतदार ४३ इंची टीव्ही घ्यायला आले. द्राक्षाचे पैसे नुकतेच हातात आलेले. सोबत मुलगी होती, तिने मोबाइलवर तेच मॉडेल काढून ठेवलं होतं. एमआरपी ४९,९००, एमओपी ३१,९९०. मोबाइलवरही ३१,९९० च, पण खाली बारीक अक्षरात एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर ३,००० रुपये सूट. ते म्हणाले, “भाऊ, कार्डबिर्ड काही नाही आपल्याकडं. रोखीनं देतो, शेवटचं सांगा.” मला तो टीव्ही ३०,२०० ला पडला होता. मी ३०,९०० ला दिला आणि पक्कं बिल केलं. कंपनीचा माणूस इन्स्टॉलेशनला गेला, वॉरंटीसाठी त्याने बिलाचा फोटो काढला. चार दिवसांनी एरिया मॅनेजरचा फोन आला, समोर माझंच बिल. त्या महिन्याची स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे विक्रीवर कंपनीकडून मिळणारा परतावा, अडकली ती अडकलीच.

आता हिशोब बघा. मी १,०९० रुपये सोडले, ते माझ्या खिशातले. तिकडे मोबाइलवर ३,००० सुटत होते, पण बिलावर आकडा ३१,९९० च राहणार होता, कारण सूट बँकेच्या नावाने. म्हणजे एमओपी मी तोडला, त्यांनी नाही! एक्स्चेंज बोनस, कॅशबॅक, कूपन, सोबत फुकट साउंडबार, यातलं काहीच किमान दराच्या जाळ्यात सापडत नाही. त्यासाठी बँकेशी करार करण्याची ताकद लागते. ती मोठ्या साखळी दुकानांकडे आणि ऑनलाइनवाल्यांकडे आहे, माझ्याकडे नाही. माझ्याकडे भाव कमी करायचा एकच रस्ता आहे, माझं मार्जिन. किमान दर नेमका तोच बंद करतो. आणि सूट हुकते ती कुणाची? ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्याची. माझं निम्मं गिऱ्हाईक तसलंच आहे.

“एमआरपीसारखाच हा दर, बेकायदा काही नाही”

एमआरपी ही कमाल किंमत आहे. २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम सांगतात की छापील किमतीच्या वर विकायचं नाही. खाली किती विकायचं यावर त्यात काही बंधन नाही. एमआरपी हे ग्राहकासाठी घातलेलं छत आहे. किमान विक्रीदर दुकानदाराच्या पायाला बांधलेली दोरी आहे. दोन्हींत ‘किंमत’ हा शब्द आहे, एवढंच साम्य.

किमान दराबद्दल कायदा वेगळा आहे, स्पर्धा कायदा, २००२. त्याच्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्री किंमत बांधण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मालाची पुढची किंमत विकणारा ठरवून देतो आणि ‘यापेक्षा कमी दरानेही विकता येईल’ असं स्पष्ट म्हणत नाही, तेव्हा हे कलम लागू होतं. बाजारातल्या स्पर्धेवर त्याचा लक्षणीय वाईट परिणाम होत असेल, किंवा होण्याची शक्यता असेल, तर तो करार रद्दबातल ठरतो. त्याआधीच्या १९६९ च्या एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारीविरोधी, कायद्यात तर किमान पुनर्विक्री किमतीची अट सरळ निरर्थकच धरली जायची.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण मारुती सुझुकीचं. २०१७ मध्ये एका निनावी डीलरने स्पर्धा आयोगाला ईमेल केला. तक्रार ज्या विभागाबद्दल होती तो म्हणजे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा, म्हणजे आपलं नाशिकही त्यातच. कंपनीने ठरवलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत दिली तर डीलरला दंड, शोरूम मॅनेजरला दंड, सेल्समनलासुद्धा दंड. खोटे ग्राहक पाठवून बोलणं रेकॉर्ड केलं जायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनी अपिलात गेली, तो भाग वेगळा. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईलाही ८७ कोटींचा दंड झाला होता; तो २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मला कुणाला अर्धवट माहिती द्यायची नाही. किचन चिमण्या बनवणाऱ्या काफ कंपनीने आपला माल एमओपीखाली विकला जातोय म्हणून स्नॅपडीलवरच्या विक्रीविरुद्ध जाहीर सूचना काढली होती, वॉरंटी नाकारली होती. स्नॅपडील आयोगाकडे गेलं. २०१४ मध्ये चौकशीचा आदेश झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये आयोगाने प्रकरण बंद केलं, कंपनी दोषी ठरली नाही. म्हणजे प्रत्येक एमओपी बेकायदाच, असं मीही म्हणणार नाही. प्रत्येक प्रकरण तपासूनच निकाल होतो. पण ‘त्यात बेकायदा काही नाही’ हे वाक्य निवेदनात लिहून त्याखाली सह्या करायच्या, आणि वर सगळ्याच कंपन्यांना मिळून हे करायला सांगायचं, यात आपण स्वतःच अडचणीत येऊ. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन भाव ठरवणं हा तर याच कायद्याखाली आणखी गंभीर प्रकार आहे.

“अमेरिकेत कोर्टाने मान्यता दिलीय”

अर्धी गोष्ट. १९११ च्या डॉक्टर माइल्स खटल्यापासून अमेरिकेत किमान पुनर्विक्री किंमत सरसकट बेकायदा मानली जायची. २००७ मध्ये लीजिन खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम बदलला आणि म्हटलं, सरसकट नको, प्रत्येक प्रकरण त्याच्या परिणामांवरून तपासा. तपासा म्हणणं म्हणजे मान्यता देणं नव्हे. मधल्या काळात १९३७ पासून तिथल्या राज्यांना असे किमान दर चालू ठेवायची मुभा देणारा कायदा होता. तो अनुभव घेऊन १९७५ मध्ये तिथल्या संसदेने ती मुभा काढून घेतली.

आणि मेसेजमध्ये युरोपचा उल्लेखच नाही, जिथे प्रकरण थेट आपल्या मालाचं होतं. जुलै २०१८ मध्ये युरोपियन कमिशनने असूस, फिलिप्स, पायोनिअर आणि डेनॉन-मरँट्झ या चार कंपन्यांना मिळून १११ दशलक्ष युरोंपेक्षा जास्त दंड केला. ऑनलाइन विक्रेत्यांनी भाव उतरवला की या कंपन्यांना सॉफ्टवेअरवरून लगेच कळायचं. मग फोन जायचा, भाव वर घ्या. ऐकलं नाही तर माल बंद. वाचताना मला माझ्या एरिया मॅनेजरचा फोन आठवला.

जपानचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. पॅनासॉनिकने तिथे २०२० पासून काही मालाला ठरावीक दर लावला, पण न विकलेला माल परत घेण्याची जबाबदारीही स्वतःकडे घेतली. आपल्याकडे? मे २०२५ मध्ये पाऊस लवकर आला आणि एसी गोडाउनमध्येच राहिले. सप्टेंबरमध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या मालात अडकलेला पैसा मी भाव उतरवूनच मोकळा केला. तेव्हा किमान दराची सक्ती असती तर तो पैसा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पडून राहिला असता आणि व्याज मी भरलं असतं.

“शेतकऱ्याला हमीभाव, मग दुकानदाराला का नको?”

मेसेजमधलं हे वाक्य मनाला सगळ्यात जास्त भिडतं, आणि चूकही इथेच सगळ्यात मोठी आहे. हमीभाव म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडायची रक्कम. किमान विक्रीदर म्हणजे गिऱ्हाइकाकडून घ्यायची रक्कम. त्यातलं माझ्या हातात किती उरणार, ते डीपीवर, म्हणजे दुकानदाराला माल ज्या दराने मिळतो त्यावर ठरतं. डीपी ठरवते कंपनी. उद्या एमओपी ३१,९९० वर पक्का ठेवून कंपनीने डीपी ३१,५०० केला तर? दर बांधलेला, मार्जिन गेलेलं, आणि मी काहीही करू शकणार नाही.

नाशिकच्या माणसाला ‘किमान’ या शब्दाचा दुसरा अनुभवही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं. नाव ‘किमान’, पण त्याने लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याला भाव मिळाला का? परदेशातला ग्राहक दुसरीकडे वळला आणि कांदा इथेच साचला. डिसेंबरात निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच. सप्टेंबर २०२४ मध्ये ते किमान मूल्य काढावं म्हणून आपणच ओरडत होतो. दर बांधणारा हात कुणाचा आहे, हे आधी बघायला हवं.

“ग्राहकाला सेवा चांगली मिळेल”

यात तथ्य आहे, ते मान्य करतो. लोक माझ्याकडे येऊन अर्धा तास टीव्ही बघतात, पॅनेल समजून घेतात, रिमोट हाताळतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. माझी लाइट, माझा माणूस, माझा डेमो पीस, आणि विक्री दुसऱ्याची. किमान दराच्या बाजूने अर्थशास्त्रात जो मुख्य युक्तिवाद आहे तो हाच, आणि अमेरिकेच्या कोर्टानेही तो विचारात घेतला होता.

पण किमान दर बांधला म्हणून सेवा आपोआप येत नाही. वाढीव पैसा डेमोवर जाईल की होर्डिंगवर, हे कोण बघणार? सेवेचा मोबदला द्यायचाच असेल तर कंपनीने थेट द्यावा: डेमो पीस अर्ध्या किमतीत, समजावून सांगणाऱ्या माणसाचा पगार, इन्स्टॉलेशनचं काम दुकानदाराकडे. त्यासाठी गिऱ्हाइकाचा भाव बांधायची गरज नाही.

मी त्या निवेदनावर सही केलेली नाही. ऑनलाइनविरुद्ध लढायचं तर जे नियम आहेत ते राबवायला लावू. विदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांनी मालाच्या किमतीवर थेट किंवा आडून प्रभाव टाकायचा नाही, हा नियम केंद्राच्या २०१८ च्या प्रेस नोट २ मध्ये आहे आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. मोजक्या विक्रेत्यांना झुकतं माप आणि ठरावीक मोबाइल एकाच ठिकाणी विकणं, या दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेशही दिला होता.

आपल्या संघटनेला मी वेगळा मसुदा पाठवलाय, त्यात चार मागण्या आहेत. तेवढ्याच खरेदीला तोच डीपी, मग दुकान सिडकोत असो की मॉलमध्ये. नवं मॉडेल ऑनलाइन येईल त्याच दिवशी आम्हालाही. बँकेची सूट ज्या मालावर आहे त्या मालावर माझ्या मशीनवर कार्ड घासलं तरी मिळावी. आणि क्रेडिट नोट अडवायची असेल तर कारण लेखी द्यावं, कंपनीच्या लेटरहेडवर, सही-तारखेसकट. फोनवर नको.