शांघायमधली माझी मारामारी

शांघायला येऊन तीन महिने झाले आणि माझी रोज मारामारी चालू आहे. खरी नाही हो, एका चिनी अक्षराशी. उच्चार 'ता', अर्थ मारणे. इंग्लिश स्पेलिंगमध्ये 'डीए' लिहितात म्हणून पहिला आठवडा मी वर्गात डा डा करत बसले, मग आमच्या लाओशींनी (म्हणजे बाई) चार वेळा म्हणून दाखवलं तेव्हा ट्यूब पेटली की अगं हा तर आपला साधा त! आणि 'तो'ला जो शब्द आहे तो था. त आणि थ आपल्याला बालवाडीपासून येतात, शेजारच्या बाकावरचा जर्मन अजून झगडतोय. पण माझा माज फार टिकला नाही, कारण हा ता सरळ म्हणायचाच नाही, आधी खाली बुडवायचा मग वर काढायचा, चहातल्या बिस्किटासारखा. आणि माझं बिस्किट दरवेळी कपातच राहतं.

लिहायला तसं सोप्पं. पाच रेघा. डावीकडे तीन रेघांचा हात, उजवीकडे दोन रेघांचा खिळा. दोन्ही उभ्या रेघांना खाली छोटासा आकडा काढायचा, तो मी विसरते आणि वहीभर लाल पेन होतं. त्या खिळ्याचा स्वतःचा उच्चार 'तिंग', आणि तो म्हणे मुळात उच्चार कळावा म्हणूनच तिथे बसवलेला. तिंग लिहा, ता वाचा. क ला क म्हणतात याची किंमत मला चाळिशीत कळली.

बरं मारणे तर मारणे, पण ही माणसं काय काय मारतात! फोन मारतात, टॅक्सी मारतात, छत्री मारतात, स्वेटर मारतात (विणतात हो), शिंकसुद्धा मारतात. हॉटेलात उरलेल्या भाजीकडे बोट दाखवून पोरीने विचारलं, "ता पाव?" मी म्हटलं नको गं, भात खाल्लाय, आता पाव कुठे. ती पार्सल बांधू का विचारत होती. भाजी गेली.

पण कळस झाला कोटाच्या दुकानात. हजार युआनचा कोट आणि सेल्सगर्ल म्हणाली, "ता पा चअ". पा म्हणजे आठ, चअ म्हणजे डिस्काउंट, एवढं मला येतं, म्हटलं ऐंशी टक्के सूट, आज सोनं लुटायचं! ऐटीत दोनशे युआन पुढे केले. ती हसली, मीही हसले, मागची रांग मात्र हसेना. इथे आठाचा डिस्काउंट म्हणजे किंमतीच्या दहातले आठ भाग द्यायचे. आठशे! सूट फक्त वीस टक्के. आकडा जितका मोठा तितकी सूट कमी, हे गणित ज्याने काढलं त्याला मारायला मला कुठलं अक्षर चालेल ते सांगा.

लाओशींपुढे रडले तर त्या म्हणाल्या, तू पहिली नाहीस. अकराव्या शतकात ओउयांग श्यू नावाच्या मोठ्या विद्वानाने हीच कटकट लिहून ठेवलीय, की मारणे म्हणजे ठोकणे, मग लोक पाणी मारतात, मासे मारतात, छत्री मारतात, हे काय चाललंय, आणि शिकलेसवरलेलेही तसंच बोलतात! मला एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून आईचा फोन. "अगं काही विचारू नकोस, बाईंनी दांडी मारली, मीच झाडू मारला, बाबा चक्कर मारायला गेलेत, जरा डुलकी मारावी म्हटलं तर शेजारच्या काकूंनी हाक मारली, मग गप्पा मारत बसलो." मी गप्प. एका वाक्यात सहा. आणि मी इथे चिन्यांना हसतेय!

दुसऱ्या दिवशी उत्साहाने लाओशींना सगळी यादी ऐकवली. झाडू आणि डुलकीला त्यांनी मान डोलावली, त्यांच्यातही तस्संच मारतात. मग मी जोरात येऊन सांगितलं की आम्ही तर मिठीसुद्धा मारतो. लाओशी हसल्या, पण खुर्ची जरा मागे सरकवली.